मार्ग कोण ठरवितो? – नागपूरचा झेंडा-सत्याग्रह आणि चिमूर-आष्टी

इतिहासाच्या तासाला एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारीत असे, “गुरुजी, लोक अहिंसेनें लढत होते, तर मग चिमूरला माणसें कशीं मारलीं गेलीं?” तास संपत आलेला असे, कांहींतरी त्रोटक उत्तर देऊन मी पुस्तक मिटीत असें. त्या उत्तरानें माझें स्वतःचेंच समाधान कधीं झालें नाहीं. आतां निवृत्तीनंतर सवड आहे, म्हणून तो प्रश्न पुन्हां हातीं घेत आहें.

सामान्य समज असा कीं, कांहीं लोक मूळचेच शांत, कांहीं तापट. जसा ज्याचा पिंड तशी त्याची चळवळ. आपल्या नागपूर प्रांताचा इतिहास या समजुतीला दुजोरा देत नाहीं.

डिसेंबर १९२० मध्यें नागपूरच्या काँग्रेसनें न्याय्य व शांततेच्या मार्गांनीं स्वराज्य मिळविण्याचें ध्येय स्वीकारलें. पुढें १ मे १९२३ रोजीं येथेंच झेंडा-सत्याग्रह सुरू झाला. मागणी लहान पण स्पष्ट होती: चरख्याचा तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्समधून जाऊं द्यावें. महात्माजी तेव्हां येरवड्याच्या तुरुंगांत होते. तरीहि शिस्त मोडली नाहीं. ठरलेली तुकडी निघे, बंदीहुकूम मोडी आणि मुकाट्यानें कैद होई. जमनालाल बजाज पकडले गेले, तेव्हां वल्लभभाई पटेलांनीं येऊन सूत्रें हातीं घेतलीं. हजारांहून अधिक सत्याग्रही तुरुंगांत गेले. सरकारनेंहि बोलण्यांचें दार अगदींच लावून घेतलें नाहीं. १८ ऑगस्टला मिरवणूक त्याच वस्तींतून गेली आणि सत्याग्रह संपला.

आतां एकोणीस वर्षें पुढें येऊं. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईंत गांधीजी व इतर पुढारी पकडले गेले. पाठोपाठ गांवोगांवचे कार्यकर्तेहि. ‘करेंगे या मरेंगे’ हा संदेश खेड्यांत पोंचला, पण तो आचरावा कसा, हें सांगणारीं माणसें गजाआड गेलीं होतीं. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशीं, तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील चिमूर येथें व वर्धा जिल्ह्यांतील आष्टी येथें गोळीबार झाला. चिमूरला बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा पडला. खवळलेल्या जमावानें दोन्ही ठिकाणीं सरकारी माणसांना ठार केलें. मग फौज आली, अत्याचार झाले, फांशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या. त्या टळाव्यात म्हणून अनसूयाबाई काळे यांनीं अथक खटपट केली.

सर्वांनींच रागाच्या भरांत शस्त्र उचललें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. नागपुरांत हिंदुस्थान लाल सेनेनें तो मार्ग विचारपूर्वक पत्करला होता, आणि तिच्या शंकर महाले यांना जानेवारी १९४३ मध्यें फांशी झाली. परंतु खेड्यांतील तो जमाव कोणत्याहि सेनेचा नव्हता. तो १९२३ च्याच मातींतील होता. फरक पडला तो तीन गोष्टींत: हातीं येण्याजोगी मागणी, आवर घालूं शकणारा पुढारी, आणि समोरच्यानें थोडें तरी उघडें ठेवलेलें दार. १९४२ सालीं हीं तिन्ही एकदम नाहींशीं झालीं.

पण गोष्ट येथेंच संपत नाहीं. चिमूरच्या स्त्रियांवरील अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्राध्यापक भन्साळी यांनीं ६३ दिवसांचें उपोषण केलें. त्यांचेहि पुढारी तुरुंगांतच होते; दारहि बंदच होतें. टिकली ती वर्षानुवर्षें अंगीं बाणलेली साधना. अशी साधना एका रात्रींत अख्ख्या गांवाला येत नसते.

त्या मुलाला आज मी सांगेन: बाळ, अहिंसा हा पिंडाचा गुण नव्हे, ती तयारी आहे. आणि जें सरकार पुढाऱ्यांना कोंडतें, तें जमावाला आवरणारा हातहि त्यांच्याबरोबरच कोंडून टाकतें.