मे महिन्यातली खोली

आधी एक गोष्ट मान्य करून टाका: तुमचं पोट पुढे आलेलं आहे. वाचक पुरुष असलात तरी सुटका नाही, या फेरीत सगळ्यांना सातवा महिना आहे. पाय सुजलेत, हिरव्या बांगड्या घामाने मनगटाला चिकटल्यात आणि पाठीखालची चटई इतकी तापली आहे की कूस बदलूनही गार जागा सापडत नाही. साल 1955च्या आगेमागे. जागा लालबागमधल्या एका चाळीचा दुसरा मजला. आता उठा, नळ आला.

अजून उजाडायचं आहे, पण गॅलरीच्या टोकाला कळशा आणि बालद्यांची आदळआपट सुरू झाली आहे. पदर खोचा आणि सांभाळून चला. गॅलरीभर माणसं झोपली आहेत; कोणाचा हात, कोणाचं डोकं, अंधारात पायाला काय लागेल सांगता येत नाही. खाली फूटपाथवरही वळकट्यांची रांग आहे. उन्हाळ्यात चाळ अशीच कडेने सांडते. नळावर बायका तुम्हाला पुढे काढतात, ‘दोन जिवांची आहे, भरू दे तिला.’ त्याच्या मोबदल्यात पोटाच्या आकारावरून मुलगा की मुलगी याचा निकाल मात्र मुकाट ऐकून घ्यावा लागतो. तीन बायका, चार मतं.

मग भोंगा. तुम्ही कितीही तयारीत असा, पोटातलं बाळ दचकतं. एका गिरणीचा संपतो न संपतो तोच दुसरीचा सुरू, आणि जिन्यावरून चपलांचा लोंढा खाली उतरतो. त्यातच तुमचे ‘हे’. नाव घ्यायचं नाही, अहोवर भागवायचं. वय बावीस, मिशी अजून विचार करते आहे, हातात भाकरीचा डबा. साचेखात्यात, म्हणजे मागांवर, काम. तिथे सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवतात आणि खिडक्या बंद. बाहेर वैशाख आणि आत त्याचा थोरला भाऊ. त्यामुळे ‘आज फार उकडतंय’ हे वाक्य त्यांच्यासमोर न बोललेलं बरं.

ते गेले की मामेसासरे येतात. तिसरी पाळी संपवून आलेला माणूस कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून झोपतो, आणि तुम्हाला त्याच खोलीत, त्याच्या पायांपासून दोन हातांवर, भांडं न वाजवता स्वयंपाक करायचा असतो. स्टोला पंप मारा. रॉकेलचा भपका येईल, पोटात ढवळेल. पदर नाकाला लावून थोडं थांबा. सासूबाई बघतायत, पण आज बोलणार नाहीत.

दुपारी खरी परीक्षा. शेजारच्या गल्ल्यांत पावसाआधीच्या बेगमीचे मसाले चाललेत. कढईत मिरच्या भाजल्या जातात, डंके धडधडतात आणि वाऱ्याची एक झुळूक (दिवसभर जिची वाट पाहिली तीच) तो सगळा ठसका उचलून थेट तुमच्या खोलीत आणून टाकते. अख्खा मजला खोकतो. मामेसासरे झोपेतच शिंकतात. गच्चीवर पापड आणि कुरडया, दोरीवर सुके बोंबील. बोंबलांचा वास, जो मागच्या वर्षीपर्यंत तुम्हाला भूक लावायचा, आज चुलतसासूसारखा समोर येऊन बसतो आणि उठत नाही.

हवंय काय तर पाटीवरची पेन्सिल. हसू नका, तोंडाला खरंच पाणी सुटेल. शेजारच्या पोराच्या दप्तरातून एक तुकडा मिळवा, मोरीच्या आडोशाला दातांखाली धरा: कर्र. मातीचा तो थंड, कोरडा वास. नंतर कैरीची फोड, वर मीठ. सासूबाईंना दोन्ही माहीत आहे. त्यांनीही एके काळी चुलीतली भाजकी माती खाल्ली होती, हे त्या बाळंतपण पार पडल्यावर सांगतील.

ते परत येतात ते ओरडतच. भांडण नाही. सकाळपासून शेकडो साच्यांच्या खडखडाटात उभ्या असलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही. भुवयांत कापसाचं तूस, सदऱ्याला तेलाचा आणि खळीचा वास. हातात पानात बांधलेले ताडगोळे. ते तुमच्याकडे बघतही नाहीत. ‘आई, घे गो,’ म्हणून पुडी सासूबाईंच्या मांडीवर. सासूबाई एक सोलून स्वतःच्या तोंडात टाकतात, उरलेले तुमच्याकडे सरकवतात. सगळा व्यवहार असा, एका नजरेविना पुरा होतो.

आता या खोलीचं एक गुपित सांगायला हवं. दहा बाय बारा फूट. दिवाळीत याल तर इथे आठ माणसं सापडतील: दीर, गावचे दोघे, एक कोणाचा तरी भाचा. तुमचा महिना मोजून आठ माणसांत हे जमलं कसं, असं चाळीत कोणी विचारत नाही. उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. गिरणीच्या पाळ्या! कोण कधी कामावर, कोण कधी नाटकाच्या तालमीला, यावर गिरणगावातले संसार चालतात. पण मेमध्ये निम्मी चाळ कोकणात जाते. कोणाकडे लग्न, कोणाला आंबे, कोणाला पावसाआधी घर शाकारायचं असतं. उरलेल्यांना उकाडा बाहेर हाकलतो. मामेसासरे रात्री गिरणीत, सासूबाई गॅलरीत. ज्या उन्हाळ्याला सगळं गिरणगाव शिव्या घालतं, तोच तुम्हा दोघांना खोली देतो.

देतो, पण दार उघडं ठेवून. लावलं तर गुदमराल, आणि उघड्या दाराशी सासूबाईंची वळकटी. त्या झोपल्यात असं त्यांच्या घोरण्यावरून वाटतं. तुम्हाला तसं मुळीच वाटत नाही. म्हणून अहोंनी तुम्हाला साचेखात्याची बोली शिकवली आहे. आवाज नाही, नुसते ओठ आणि बोटं. गिरणीत मुकादम येताना दिसला की सावध करायला वापरतात तीच. कंदील बारीक करून ते विचारतात, हललं? तुम्ही त्यांचा हात ओढून पोटावर ठेवता. खरखरीत तळवा, बोटांवर सुताने पडलेल्या चिरा. बाळ नेमकं तेव्हाच गप्प. मग एक लाथ, आणि अहो मोठ्याने ‘अरेच्चा!’ ओरडतात. गॅलरीतलं घोरणं थांबतं.

डोहाळजेवण गॅलरीतच होतं. मोगरा स्वस्त, त्यामुळे तुम्ही मनगटापासून वेणीपर्यंत मोगरा. दोन वाट्या उपड्या ठेवल्यात, एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. तुम्ही उचलता ती बर्फी. क्षणभर शांतता, मग सासूबाईच म्हणतात, ‘पहिली बेटी, धनाची पेटी,’ आणि बर्फी मोडून स्वतः भरवतात. नळावरच्या त्या तिघी आता पुन्हा सुरू होणार.

आणि खोली मोठी वाटायला लागते न लागते तोच निघायची वेळ. पहिलं बाळंतपण माहेरी. पाऊस तोंडावर आला की कोकणची आगबोट बंद, ती थेट पावसाळा सरल्यावर. एसटीच्या धक्क्यांचं नाव सातव्या महिन्यात कोणी काढत नाही. रामदास बोट 1947च्या पावसाळ्यात बुडाली, ती आठवण अजून ताजी आहे. म्हणून सासूबाई ओटी भरताना समुद्राच्या नावाने वेगळा नारळ काढतात.

भाऊच्या धक्क्यावर चला. घोडागाडीतून उतरताच मासळी, डांबर, कोळशाचा धूर. ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरं, हमालांचे कोपर. दोन्ही हात पोटासमोर धरा. सोबतीला गावची एक आत्या आहे, तिने आल्या आल्या डेकवर पथारी पसरून तुमची जागा अडवली आहे. अहो खाली राहिले. रजा नाही; बारशाला बघू म्हणतात, म्हणजे पाऊस ओसरल्यावर. बोटीचा कर्णा होतो, गर्दी एका आवाजात निरोप देते, त्यात एकट्या माणसाचं काही ऐकू येणं शक्य नाही. तुमचे अहो ओरडतही नाहीत. ते ओठ हलवतात, बोटांनी काहीतरी खूण करतात. तुम्हाला शब्द न् शब्द कळतो.

‘काय गो म्हणाला?’ आत्या विचारते.

‘पैसे चोळीत ठेव म्हणाले,’ तुम्ही सांगता आणि पदराने तोंड पुसता.

आत्याला ते पटतं. आता ट्रंकेतून लिंबू काढून हाताशी ठेवा. रत्नागिरी लांब आहे आणि तुम्हाला बोट लागणार आहे.