इसब, आजी आणि लातूरचं पाणी

मंडळी, या वीकेंडचा विषय जरा खाजगी आहे. (कोटी आपोआप झाली, माफ करा!)

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मला इसब झाला. लहानपणी साधं घामोळंही कधी टिकलं नव्हतं, आणि आता मान, कोपराची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या... मीटिंगमध्ये टेबलाखाली हात नेऊन खाजवायची सवयच लागली. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी स्टेरॉइडचं मलम दिलं, एक बिनवासाचं मॉइश्चरायझर दिलं आणि साबण कमी करा म्हणाले. 'स्टेरॉइड' म्हटल्यावर आपण सगळेच जसे दचकतो, तसा मीही दचकलो.

नेमकं त्याच सुमारास आजोळी, नांदेडला जाणं झालं. आजी म्हणाली, "काय सारखं खाजवायलास रे बाळा? आमच्या वेळी असलं काही नव्हतं बघ." झालं! हे वाक्य मी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटसारखं उचललं. मलम बंद. कडुलिंबाच्या पाल्याचं कढत पाणी, डाळीच्या पिठाचं उटणं, वांगं बंद, दही बंद, पहाटे योगासनं. तिसऱ्या आठवड्यात हातातून लस यायला लागली, वर पिवळी खपली धरली, ताप आला. मग अँटिबायोटिक्स, पुन्हा तेच मलम आणि चार दिवस रजा.

बरा झाल्यावर मात्र किडा वळवळायला लागला. बग नक्की कुठे होता? आजीचं वाक्य मुळात खरं होतं का?

पहिला भाग तर सरळच खोटा निघाला. इसब ही काही आयटी पार्कची देणगी नाही. चरकसंहितेत 'विचर्चिका' नावाचा विकार आहे: खाज, काळपट पुटकुळ्या, भरपूर स्राव. माझा हात बघूनच लिहिलंय असं वाटावं. पण खरी गंमत (गंमत कसली!) पुढे आहे. चरकाने हा विकार 'कुष्ठा'च्या वर्गात टाकलाय. सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं, त्यात विचर्चिका क्षुद्र. कारणांच्या यादीत विरुद्ध आहार आहे, तसंच गुरुजनांचा अपमान आणि पापकर्मही आहे. म्हणजे वैद्याच्या लेखी हा साधा विकार असेल, पण शब्द 'कुष्ठ', आणि वर पापाचा शिक्का. हे जरा लक्षात ठेवा.

दुसरा भाग: पाणी. इथे आजीचं बरंच खरं आहे.

माझं घर लातूरचं. नांदेडला गोदावरी आहे. लातूर शहराची भिस्त मांजरा नदीवरच्या धनेगावच्या धरणावर, आणि ते कोरडं पडलं की बोअरवर. मराठवाड्यात पूर्वी पाणी म्हणजे नदी, आड, बारव. १९७२च्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि काळा खडक फोडणाऱ्या यंत्रांचे दिवस आले. आज जगभर माहीत असलेल्या 'इंडिया मार्क टू' हातपंपाचं मूळही आपल्याकडेच आहे. जालना आणि सोलापूर इथे बनलेल्या पोलादी पंपांवरूनच तो पुढे तयार झाला. त्या पंपांनी माणसं जगवली, यात वाद नाही. पण बोअरचं पाणी खडकातून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. शाळेच्या पुस्तकातलं 'दुष्फेन', आमच्या घरातलं 'जड पाणी'. डाळ शिजत नाही, बादलीला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. फेस येत नाही म्हणून माणूस साबण दुप्पट घासतो आणि तो चिकट साका अंगावरच राहतो. इसब असलेल्या कातडीला हे म्हणजे आगीत तेल.

२०१६च्या उन्हाळ्यात तर लातूरला टाक्यांच्या परिसरात जमावबंदी लावावी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणी-रेल्वे आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा आईच्या हाताच्या भेगांकडे कोण बघतो? घरात बोअर आणि टँकर सोडून दुसरं पाणी नव्हतं. तिने कधी त्याला आजार म्हटलंच नाही.

इथे माझी थिअरी तयार झाली होती: रूट कॉज जड पाणी! सॉफ्टनरच्या किमतीही बघून ठेवल्या. मग वाचनात आलं की हे लोकांनी आधीच तपासलंय. १९९८ साली इंग्लंडातल्या नॉटिंगहॅम भागात दिसलं होतं की जड पाण्याच्या वस्त्यांत शाळकरी मुलांना इसब जास्त. मग ३३६ मुलांवर रीतसर चाचणी झाली. निम्म्यांच्या घरी बारा आठवडे सॉफ्टनर बसवला. २०११ साली निकाल आला: दोन्ही गटांत सारखीच सुधारणा. म्हणजे जड पाण्याचा संबंध असेलही, पण यंत्र बसवून झालेला इसब हटत नाही. माझे काही हजार वाचले, थिअरी मात्र गेली.

राहिलं तेल. हा माझा सगळ्यात आवडता धागा. आजीच्या लहानपणी रब्बीच्या ज्वारीभोवती करडईच्या ओळी असायच्या. काटेरी असल्यामुळे गुरं आत शिरत नसत, कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची आणि तेल घाण्यावरून घरी यायचं. आता लातूरचा बाजार सोयाबीनसाठी ओळखला जातो आणि करडई शोधावी लागते. करडईच्या नेहमीच्या तेलात सत्तर टक्क्यांच्या आसपास लिनोलेइक अॅसिड असतं. १९२९ साली अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने उंदरांना स्निग्ध पदार्थ पूर्ण तोडले, तर त्यांच्या कातडीवर खवले आले. लिनोलेइक दिल्यावर ते बरे झाले. कातडीची भिंत शाबूत राहायला हा घटक लागतो. म्हणून आजीचं करडईचं तेल आणि आठवड्यातून एकदाच साबण हे अगदीच अडाणीपणाचं नव्हतं. अर्थात तिच्याकडे साबण कमी होता तो परवडत नव्हता म्हणून. आपण त्याला 'नॅचरल लाइफस्टाइल' म्हणतो!

हे सगळं घेऊन दिवाळीत पुन्हा नांदेडला गेलो आणि आजीला चरक ऐकवला. 'कुष्ठ' शब्दाला ती थांबली. थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या नणंदेला होतं की."

म्हटलं, काय?

"हेच. हाताला, मानेला. पाणी गळायचं. पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायची, उन्हाळ्यातबी. पदर कधी मानेवरून ढळू दिला न्हाई."

कोणाला दाखवलं नाही? तर म्हणे, दाखवलं असतं तर डिचपल्लीला धाडलं असतं. डिचपल्ली म्हणजे निजामाबादेजवळचं कुष्ठरुग्णालय. मिशनरी डॉक्टर इझाबेल केर यांनी १९१५ साली सुरू केलेलं, नांदेडवरून जाणाऱ्या मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावर. तिथे चांगले उपचार होत, पण आमच्या घरात ते नाव फक्त धाक घालायला वापरलं गेलं. नणंदेचं लग्न शेवटपर्यंत झालं नाही. ही गोष्ट १९५५च्या आसपासची. न्यूयॉर्कच्या सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम इसबावर चालतं असं दाखवलं ते १९५२ साली. तीन वर्षांचं अंतर आणि तीन समुद्रांचं!

"मग आमच्या वेळी नव्हतं असं का म्हणालीस?"

"नव्हतंच की. कोण बोलायचं त्याच्यावर?"

असो. सध्या माझं असं चाललंय: कोमट पाण्याची पाच मिनिटांची आंघोळ, साबण फक्त काखेत आणि पायाला, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, सुती शर्ट, कापलेली नखं, रात्री अकराला लॅपटॉप बंद (हे सगळ्यात अवघड). वांगं आणि दही पुन्हा सुरू केलं, काही फरक पडला नाही. इसब उसळला की डॉक्टरांनी सांगितलेले दिवस मलम, मग बंद. करडईचं तेल खाण्यात आहे. अंगाला कोरड्या जागी थोडं लावतो, उललेल्या जागी नाही. लातूरला गेलो की तीन दिवसांत बोटं कुरकुरतातच, म्हणून ट्यूब बॅगेत.

परवा आजीचा फोन आला होता. "मलम लावायलास का?"

"लावतोय गं."

"अन् पोलक्याच्या बाह्या?"

हाफ शर्ट घालतो, म्हटलं.