जावक क्रमांक आणि न आलेलं उत्तर

आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाच्या माणसांनी संगणकात कशाला डोकावावं? पण आम्ही आयुष्यभर 'कळणं म्हणजे काय' हेच शिकवत आलो, आणि हा प्रश्न आता वेबपानावर येऊन बसला आहे.

सातबारा ऑनलाइन पाहायचा तर आधी जिल्हा निवडायचा, मग तालुका, मग गाव. समजा आपण 'सातारा' निवडलं. पान जागचं हलत नाही, पण शेजारच्या चौकटीत वाई, कोरेगाव, फलटण अशी नावं येतात. ती आधीपासून पानात असतीलच असं नाही. बऱ्याचदा पान दूरच्या सर्व्हरला गुपचूप विचारतं आणि उत्तर येईपर्यंत आपलं काम चालू ठेवतं. याला असिंक्रोनस विनंती म्हणतात.

पूर्वी असं नव्हतं. एवढीशी माहिती हवी असली तरी अख्खं पान पुन्हा मागवावं लागे, पडदा पांढरा होई. १९९९ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक्सएमएलएचटीटीपी नावाची सोय आली. तिची गरज लागली ती आउटलुकची टपाल ब्राउझरमध्ये दाखवणाऱ्या मंडळींना. मोझिलाने ती उचलली, इतर ब्राउझरही मागून आले. २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गुगल मॅप्स आले, तेव्हा लोकांना तिची ताकद दिसली. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या पद्धतीला 'एजॅक्स' म्हटलं. म्हणजे बारसं झालं तेव्हा मूल सहा वर्षांचं होतं!

गंमत अशी, की त्या सोयीत विनंती तयार करताना तिसऱ्या जागी 'खरं' किंवा 'खोटं' लिहिता येतं. 'खोटं' लिहिलं तर पान उत्तराची वाट पाहत गोठून उभं राहतं. टेलिफोनसारखं, समोरचा बोलेपर्यंत रिसीव्हर कानाला. 'खरं' लिहिलं तर कारभार पोस्टकार्डाचा. पत्र पेटीत टाकायचं आणि शेतावर जायचं.

पण पोस्टकार्डाला एक खोड आहे. आधी टाकलेल्याचं उत्तर आधी येईलच, असं नाही. समजा आपण चुकून 'सातारा' निवडलं आणि लगेच बदलून 'सांगली' केलं. दोन विनंत्या गेल्या. सांगलीचं उत्तर आधी आलं, साताऱ्याचं रेंगाळत नंतर. पान बेसावध लिहिलेलं असेल तर नंतरचं उत्तर आधीचं पुसून टाकतं. वर 'सांगली' आणि खाली वाई, कोरेगाव! वाई आणि वाळवा एका यादीत असण्याचा काळ होता खरा. जुन्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं येत होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. पण तो इतिहास झाला. पडद्यावरची गल्लत ही गल्लतच.

यावर उपाय आपल्या कचेऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. आवक-जावक नोंदवही. जाणाऱ्या प्रत्येक पत्राला जावक क्रमांक, आणि येणाऱ्या उत्तरावर 'आपले पत्र क्रमांक अमुक' असा संदर्भ. चांगला प्रोग्रॅमर हेच करतो. प्रत्येक विनंतीला क्रमांक देतो, आणि शेवटच्या क्रमांकाचं नसलेलं उत्तर बाजूला ठेवतो. ठरावीक वेळेत उत्तर आलं नाही तर स्मरणपत्रही धाडतो.

आता खरा मुद्दा. उत्तर आलंच नाही तर? नेट गेलं, सर्व्हर थकला. यादी रिकामी राहिली. समोर बसलेला शेतकरी त्याचा अर्थ काय घेणार? 'माझ्या नावाची नोंदच नाही.' आणि पीककर्जाचा अर्ज करायचा राहून जाईल.

आपल्या परंपरेत भाट्ट मीमांसकांनी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं. वस्तू दिसत नाही, यावरून ती नाही हे कळतं. पण अट घातली योग्यतेची. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात टेबलावर घागर दिसली नाही, तर घागर नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही. तुटलेल्या जोडणीवरची रिकामी यादी ही अंधारातली घागर आहे. तिच्यावरून 'नोंद नाही' म्हणणं हा तर्कदोष आहे, आणि त्याची किंमत प्रोग्रॅमर नव्हे, शेतकरी मोजतो.

म्हणून आम्हांला वाटतं, लोकांच्या कामाच्या प्रत्येक पानाला तीन वाक्यं बोलता आली पाहिजेत. 'नोंद सापडली.' 'शोधलं, नोंद नाही.' आणि 'अजून उत्तर आलेलं नाही, पुन्हा विचारा.' पहिली दोन बहुतेक पानांना येतात. तिसरं शिकवायला प्रोग्रॅमरला चार ओळी जास्त लिहाव्या लागतील, एवढंच. आपल्यापैकी जे तरुण या कामात आहेत, त्यांनी त्या चार ओळी लिहाव्यात. बाकीच्यांनी रिकामी यादी दिसली की लगेच घरी परतू नये, पुन्हा एकदा विचारावं.