भूमिगत

नजरेआड होण्यासाठी मराठीत शब्दांची काही वाण नाही. दडी मारणे, पोबारा करणे, पसार होणे. सगळ्यांत थोडी कुचेष्टा आहे. मानाचा वाक्प्रचार एकच, भूमिगत होणे.

वाक्यात उपयोग करा म्हटले की मुले हमखास लिहीत, ‘चोर भूमिगत झाला.’ मी लाल शाईने तिथे ‘फरारी’ लिहायचो. व्याकरणाने मुलांचे चुकत नव्हते, इतिहासाने चुकत होते.

‘भूमिगत’ला वजन आले ते बेचाळीसच्या चळवळीने. क्रांतिसिंह नाना पाटील 1942 ते 1946 साताऱ्यात भूमिगत होते. इंग्रज सरकारच्या लेखी ते फरारी. पण गावे त्यांना भाकरी देत, आणि पोलीस आले की मूग गिळून गप्प बसत. मला वाटते, फरक इथेच आहे. जो लोकांपासून लपतो तो फरारी. ज्याला लोक लपवतात तो भूमिगत.

आमच्या मुळशी तालुक्याने याची दुसरी बाजूही पाहिली आहे. पांडुरंग महादेव बापट पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या शिकून आले आणि 1908 च्या अलीपूर बॉम्ब खटल्यानंतर काही वर्षे भूमिगत राहिले. म्हणजे लपणे त्यांना चांगलेच जमत होते. पुढे मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांचे धरण येऊ लागले, मावळ्यांच्या जमिनी पाण्याखाली जाणार हे दिसू लागले, आणि 1921 मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. बापट त्याचे सेनापती झाले. 1924 मध्ये धरणाच्या कामात घातपात केल्यावर मात्र ते पळाले नाहीत. स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. धरण झाले, जमिनी बुडाल्या. पण ज्यांची शेते डोळ्यांदेखत पाण्याखाली जाणार होती, त्यांच्यासाठी लढणाऱ्याने त्या वेळी लपायचे नाकारले, हे मला फार मोठे वाटते.

1975 च्या आणीबाणीत हा शब्द पुन्हा घराघरांत आला. जॉर्ज फर्नांडिस जून 1976 मध्ये पकडले जाईपर्यंत भूमिगतच होते.

आता ठेवीदारांचे पैसे बुडवणाराही बातमीत ‘भूमिगत’ होतो. त्याला कोण भाकरी देते? आणि आमच्या जांब्यात भूमिगत म्हटले की लोकांना गटार नाहीतर विजेची केबल आठवते. त्याबद्दल तक्रार नाही, ती कामे व्हायलाच हवीत. पण पळून गेलेल्या माणसासाठी ‘फरारी’ हा चांगला शब्द आपल्याकडे आहे. तोच वापरूया.