नवतपा, दुपट्टा आणि आईचे डाग

परवा पुण्याहून भाचीचा फोन. "मावशी, मेच्या शेवटी आजीकडे येतेय. सनस्क्रीन किती एसपीएफचं आणू? नागपूरला पन्नास पुरेल की शंभर लागेल?"

मी म्हटलं, "दुपट्टा आण."

ती हसली आणि तिने विषय बदलला. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, कारण आमच्या घरात या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो फार बरा नाही.

आम्हा नागपूरकरांना उन्हाचा थोडा गर्वच आहे, हे आधी कबूल करते. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता, हे लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखं सांगतात. मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश झळकले तेव्हा तर गावभर चर्चा! यंत्रातच बिघाड होता असं नंतर हवामान खात्याने सांगितलं, तेव्हा काही जणांचा चक्क हिरमोड झाला. :)

पण हा सगळा गर्व तापमानाचा. आमची उन्हाशी लढाईही तापमानाशीच. आजोबा बाहेर निघताना कानांवरून दुपट्टा घट्ट गुंडाळायचे, खिशात कांदा टाकायचे, आणि आल्यावर पन्हं. लू लागू नये एवढाच हेतू. कातडीचा विचार त्यात कुठेच नव्हता. कातडीचा विचार फक्त मुलींच्या बाबतीत व्हायचा आणि तो एकाच वाक्यात संपायचा: "उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील."

साहेबांची तऱ्हा वेगळी. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. उन्हाळ्यात सरकार पचमढीला जायचं. ज्यांना इथेच राहावं लागे ते शोल्याच्या भेंडाची ती जाडजूड टोपी घालत. सोला हॅट म्हणतात ती. त्यामागे एक भारदस्त सिद्धांत होता. उष्ण देशातल्या उन्हात काही रासायनिक किरण असतात, ते गोऱ्या माणसाची कवटी आणि पाठीचा कणा भेदून मज्जासंस्था बिघडवतात म्हणे! चार्ल्स वूडरफ नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने १९०५ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं. काही जण तर पाठीवर कण्याच्या रेषेत फ्लॅनेलची पट्टी बांधून फिरत. नागपूरच्या मेमध्ये फ्लॅनेल! दुसऱ्या महायुद्धात सैनिक टोपीशिवाय हिंडले, कोणाच्या मेंदूला काही झालं नाही, आणि तो सिद्धांत गुपचूप विरून गेला.

गंमत अशी की किरण खरे होते, फक्त ते कवटीपर्यंत पोचत नव्हते. १८०१ मध्ये जर्मनीत योहान रिटरने सूर्याचा वर्णपट सिल्व्हर क्लोराइडवर पाडून पाहिला. जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे ते सर्वांत लवकर काळं पडलं. तेच हे अतिनील किरण. त्याच्या आदल्याच वर्षी विल्यम हर्शेलने तांबड्याच्या पलीकडे उष्णता सापडल्याचं दाखवलं होतं. म्हणजे आपण ज्याला एका शब्दात 'ऊन' म्हणतो, त्यात भाजणारं वेगळं आणि तापवणारं वेगळं आहे, हे कळून दोनशेहून जास्त वर्षं झाली. आमच्या घरापर्यंत ते पोचलं नव्हतं एवढंच.

आता नागपूरचं घड्याळ बघा. पारा सर्वांत चढतो तो साधारण तीन-चार वाजता. अतिनील किरणांचा जोर मात्र सूर्य डोक्यावर असताना, म्हणजे मेमध्ये इथे बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास. आमच्याकडे शहाणपण काय? "दुपारी दोन ते पाच बाहेर पडू नका, कामं साडेअकरा-बारापर्यंत उरकून घ्या."

माझी आई शिक्षिका होती. उन्हाळ्यात शाळा सकाळची. साडेअकराला सुटायची आणि आई लुनावरून पाऊण तासाने घरी. डोक्यावर पदर, चेहरा उघडा. "बरं झालं, तापायच्या आत पोचले," असं ती रोज म्हणायची. रोज! नेमक्या त्या वेळी.

धाकट्या भावाच्या जन्मानंतर तिच्या गालांवर वांगाचे डाग आले. बाळंतपणात ते येतात, आणि ऊन ते जाऊ देत नाही. कोणी पित्त म्हणालं, कोणी लिव्हर. एका काकूंनी "लक्षच देत नाहीस स्वतःकडे" असं सुनावलं. पुढे औषधाच्या एका दुकानातून एक ट्यूब आली. पंधरा दिवसांत चेहरा उजळला, बायका विचारायला लागल्या. सहा महिन्यांनी कातडी पातळ, लाल, उन्हात पाऊल टाकलं की आग. ट्यूब थांबवली की दुप्पट त्रास, म्हणून पुन्हा ट्यूब. त्यात स्टेरॉइड होतं हे आम्हाला त्वचारोगतज्ज्ञाकडे गेल्यावर कळलं, तोवर चार वर्षं गेली होती. लग्नाच्या फोटोंत आई मागच्या रांगेत उभी राहायची ते त्याच काळापासून. अशी बरीच मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ मध्ये केला. आईला त्याचा काय उपयोग?

सनस्क्रीनचा स्वतःचा जन्मही मजेशीर आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली 'ऑम्ब्र सोलेर' तेल बाजारात आलं ते गोऱ्यांना न भाजता छान सावळं होता यावं म्हणून. फ्रान्झ ग्राइटर हा ऑस्ट्रियन विद्यार्थी १९३८ मध्ये आल्प्समधलं पिझ बुइन शिखर चढताना भाजून निघाला आणि त्याने १९४६ मध्ये क्रीम काढलं. एसपीएफचा आकडा रूढ करण्यातही त्याचा हात होता. आपल्याकडे? मुंबईत पाटणवालांचं 'अफगाण स्नो' १९१९ पासून होतं, आणि १९७५ मध्ये आलं 'फेअर अँड लव्हली'. त्यात अतिनील किरण अडवणारे घटक होते! म्हणजे उन्हापासूनचं संरक्षण आपल्या घरांत शिरलं ते गोरेपणाचं नाव घेऊन. २०२० मध्ये त्यांनी नाव बदलून 'ग्लो' केलं. असो.

आणि दुपट्टा? तो मात्र बढती घेत गेला. स्कूटी आल्यावर कॉलेजच्या मुलींनी डोळे सोडून सगळा चेहरा बांधायला सुरुवात केली. लोकांनी 'दहशतवादी' म्हणून टिंगल केली, आयांनी "चला, काळ्या तरी पडणार नाहीत" म्हणून समाधान मानलं. कारण काहीही असो, काम चोख. विदर्भात कापसाच्या वावरात निंदायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात आणि डोक्याला फडकं बांधतात. घट्ट विणीचं कापड कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचं, आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही.

तर भाचीबाई, आता तुझं उत्तर. शंभर नको. एसपीएफ ३० नीट लावलं तर भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं, ५० अडवतं ९८. खरी गोम 'नीट' या शब्दात आहे. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावून तो आकडा काढतात. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीएवढ्या दोन रेघा लागतात, आणि आपण लावतो वाटाण्याएवढं. शिवाय एसपीएफ सांगतो तो मुख्यतः यूव्हीबीचा हिशेब. यूव्हीएसाठी डबीवर 'पीए' आणि पुढे अधिकची चिन्हं बघ. ती पद्धत जपानने १९९६ मध्ये काढली. तीन किंवा चार चिन्हं असू देत. आजीसाठी एक वेगळं आण, रंग असलेलं, ज्यात आयर्न ऑक्साइड असतं ते. वांगाला साधा दिसणारा प्रकाशही वाढवतो आणि तो पांढऱ्या क्रीमने फारसा अडत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आणि पाऊस पडला की दुपट्टा खुंटीला टांगू नकोस. नवतपा २५ मेला लागतो, २६ मेला इथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तोच सूर्य जुलैच्या मध्यावर परत एकदा डोक्यावर येतो. तेव्हा हवा गार, ढगांत फटी, आणि सगळं नागपूर चेहरा उघडा टाकून फुटाळ्यावर.

काल आईला म्हटलं, नात तुझ्यासाठी क्रीम आणतेय. ती आता पंचाहत्तरीची. म्हणाली, "आता कशाला गं?" मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "रंग कोणता असतो त्याचा? आपल्यासारखा मिळतो का?"

विचारून ठेव. आणि तुझी गाडी साडेअकराला पोचते म्हणालीस ना? स्टेशनवर घ्यायला मी येतेय. दुपट्टे दोन आणते.