दक्षिणेला वाहणारी कृष्णा

साताऱ्या-सांगलीचा माणूस 1482 साली जर्मनीतल्या उल्म शहरात छापलेला भारताचा नकाशा घेऊन बसला, तर आधी आपलं गाव शोधेल आणि मग दख्खनच शोधत राहील. गुजरातनंतर किनारा खाली उतरतच नाही, आडवा पूर्वेकडे निघून जातो. कन्याकुमारीचं टोक जवळपास नाहीच. लंका मात्र खऱ्याच्या कितीतरी पट फुगलेली.

हा नकाशा कुणी देश पाहून काढलेला नव्हता. त्याचं कूळ अलेक्झांड्रियाचं. इ.स. 150 च्या सुमारास तिथल्या टॉलेमी या भूगोलज्ञाने सुमारे 8,000 ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवले. त्यातले बरेचसे त्याने खलाशी आणि व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून बसवले होते, शिवाय पृथ्वीचा घेर खऱ्यापेक्षा लहान धरला होता. शतकानुशतकं विस्मरणात गेलेली ही पोथी 1295 च्या आसपास कॉन्स्टँटिनोपलच्या मॅक्सिमस प्लानुदेस या साधूने शोधून काढली. शंभरेक वर्षांनी ती लॅटिनमध्ये आली. आकडे हाती होते, म्हणून चित्र पुन्हा मांडता आलं. जन्मपत्रिकेवरून माणसाचा चेहरा काढावा तसं. 1477 मध्ये बोलोन्यात हे नकाशे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापले गेले. आपला ‘नकाशा’ ज्या अरबी ‘नक्श’वरून आला त्याचाही अर्थ कोरणं, रेखाटणं, ‘नक्षी’ त्याच घरची.

आता आपला मुलूख. टॉलेमीच्या यादीत पैठण ‘बैठण’ म्हणून आहे आणि तिथला राजा सिरोपोलेमायोस, म्हणजे सातवाहन सिरी पुळुमावी. दुसरी राजधानी हिप्पोकुरा, राजा बलेओकुरोस. कोल्हापुरात विळिवायकुर या नावाची नाणी सापडली होती. त्यावरून रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी हा बलेओकुरोस तोच, आणि हिप्पोकुरा म्हणजे कोल्हापूर, असं सुचवलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही, कारण टॉलेमीच्या आकड्यांत हे शहर पैठणच्या पूर्वेला पडतं. पण किनाराच आडवा झोपवला की दक्षिण पूर्वेला सरकणारच! मला भांडारकरांचा तर्क अजून मोहात पाडतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीत पुढे ग्रीक समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्तीही सापडली.

कऱ्हाडशी निःसंशय जुळेल असं नाव मात्र टॉलेमीत नाही. गाव काही अनोळखी नव्हतं. भारहुतच्या स्तूपावर करहाकटच्या दानाचा लेख आहे, कोकणातल्या कुडा लेण्यात तिथल्या लोखंडाच्या व्यापाऱ्याचा. गंमत म्हणजे महाभारताच्या सभापर्वात, सहदेवाच्या दिग्विजयात, करहाटक येतं आणि चिकित्सित आवृत्तीच्या पाठात लगेच पुढे रोमही. अलेक्झांड्रियाला कऱ्हाड नीट ऐकू गेलं नाही. इथल्या कवीच्या यादीत मात्र कऱ्हाड आणि रोम शेजारी नांदतात.

वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला. 1502 च्या कँटिनो नकाशात भारत टोकदार झाला. तरी टॉलेमी छापला जातच राहिला. 1513 च्या स्ट्रासबर्ग आवृत्तीत नवे नकाशे वेगळे जोडले, जुने तसेच ठेवले. 1578 मध्ये तर खुद्द नकाशाकार मर्केटरने टॉलेमीचे नकाशे नव्याने कोरले, एक अभिजात ग्रंथ म्हणून. दुधाचा आणि उसाच्या रसाचा समुद्र पुराणांतल्या भुवनकोशात जपणाऱ्या आपण या पोथीनिष्ठेला फार हसू नये.

राहिली नदी. मछलीपट्टणच्या बाजूला समुद्राला मिळणारी टॉलेमीची ‘मैसोलोस’ कुणी गोदावरी मानतात, कुणी कृष्णा. किनारा आडवा असल्यामुळे ती नकाशावर उत्तरेकडून सरळ दक्षिणेला उतरते. अभ्यासक याला चूक म्हणतात, आणि संपूर्ण नदी धरली तर ती चूकच. पण वाईच्या घाटावर बसा, कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना येऊन मिळताना पाहा, हरिपूरला वारणा मिळेपर्यंत काठाकाठाने चालत जा. कृष्णा जवळजवळ सगळी वाट दक्षिणेलाच जाते. पूर्वेचं वळण ती खाली, नरसोबाची वाडी ओलांडल्यावर घेते.