जावा-येझदी : कारखाना बंद, गाड्या मात्र रस्त्यावर

म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याखाली १९६१ मध्ये मोटरसायकलींचे उत्पादन सुरू केले. १९७३ पासून या गाड्या ‘येझदी’ नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. चाहत्यांनी मात्र गाड्या जपून ठेवल्या आहेत.

२५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर आणि किक व गिअर यांसाठी एकच दांडा, ही या गाड्यांची ओळख. इंजिनाला वंगण मिळावे म्हणून पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावे लागे. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी अनेक शहरांत चाहते गाड्यांसह एकत्र येऊन जुन्या आठवणींना उजाळा देतात. २०१८ मध्ये ‘जावा’ हे नाव बाजारात परतले, परंतु नव्या गाड्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आहे.

जुन्या गाड्यांपुढील मुख्य प्रश्न कायदेशीर आहे. ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘विंटेज’ नोंदणीची तरतूद केली. अशी वाहने प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात. सुरुवातीच्या जावा गाड्या या वयोमर्यादेत बसतात. १९८० व १९९० च्या दशकांतील येझदी बसत नाहीत. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १५ वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने चालविण्यास मनाई केली. म्हैसूरच्या कारखान्यातून १९९६ मध्ये बाहेर पडलेल्या गाडीला ‘विंटेज’ दर्जासाठी २०४६ पर्यंत वाट पाहावी लागेल.